चौऱ्याहत्तर मायक्रॉन

जिवली पादीर मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि तिलाही मी आवडलो नाही. दोघांनी ते कधी लपवलंही नाही. पाच वर्षं एका खोलीत, एका यंत्रावर काम केलं आणि एकदाही एकमेकांना चहा विचारला नाही. तरी तिच्याबद्दल मीच लिहितोय, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि जे लिहायचंय ते दुसऱ्या कोणाला माहीतही नाही.

मी भगीरथ विशे. मुरबाडचाच. घरची भातशेती, मी डिप्लोमा केलेला. चौऱ्याण्णव साली इथल्या एमआयडीसीत आमची कंपनी उभी राहिली आणि मी लॅबमध्ये लागलो. काम असं, की वीजघरातल्या टर्बाइनची झिजलेली पाती आमच्याकडे यायची. ती पाती लालभडक तापलेल्या वाऱ्यात फिरतात, नुसतं लोखंड तिथं टिकत नाही. म्हणून त्यांच्यावर पांढऱ्या सिरॅमिकचा थर चढवायचा. चिनीमातीच्या कपाचीच जात म्हणा, पण नखाएवढाही जाड नाही. प्लाझ्मा गनमधून पावडर वितळवून फवारायची, पाती पांढरीशुभ्र होऊन बाहेर पडायची.

थर चढला म्हणजे झालं असं नव्हे. तो तडकला तर पातं उघडं पडतं आणि दहा दिवसांत जळतं. म्हणून प्रत्येक खेपेबरोबर लोखंडाच्या एका तुकड्यावर तोच थर द्यायचा आणि तो तुकडा लॅबमध्ये आणायचा. कापायचा, काळ्या राळेत बसवून त्याची वडी पाडायची, वडी चाकावर घासून आरशासारखी करायची. मग यंत्रातला हिऱ्याचा टोकदार खडा एक किलो वजनानं थरावर दाबायचा. चौकोनी खूण उमटते आणि खुणेच्या कोपऱ्यांतून भेगा फुटतात. त्या मायक्रोस्कोपखाली मोजायच्या. भेग आखूड तर थर चिवट, भेग लांब तर थर ठिसूळ. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. आमची हद्द साठ मायक्रॉन होती. साठच्या आत माल पास, साठच्या वर गेला तर थर खरवडून सगळं पहिल्यापासून.

या खोलीत शहाण्णव साली जिवली आली, ती झाडू घेऊन. सिद्धगडाच्या पायथ्याला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथली. दीड तास डोंगर उतरायचा आणि एसटी धरायची. पहिल्याच दिवशी दारात उभी राहून मला म्हणाली, "अरे, तुझा पाय उचल. खाली घान हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिपाईसुद्धा मला विशेसाहेब म्हणायचा, आणि ही झाडूवाली अरे-तुरे करते! नंतर कळलं, त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच अरे. कंपनीचे मालक शेठ, त्यांनाही ती अरेच म्हणायची. शेठ हसायचे. मला नाही हसता आलं. मला वाटायचं, शेठला म्हणते ते बोलीतलं आणि मला म्हणते ते मुद्दाम.

घासायला आमच्याकडे दोन पोरं होती, दोन्ही कामचुकार. सिरॅमिक घासताना हात जड पडला की त्याचे कण उपटून येतात, वडीवर खड्डे पडतात आणि भेग कुठली नि खड्डा कुठला ते कळत नाही. एके दिवशी दोघंही आली नाहीत. जिवलीनं झाडू ठेवला, पदर खोचला आणि चाकावर बसली. मी म्हटलं, "ए बाई, ते तुझं काम नाय." ती म्हणाली, "तुझं तरी कुठं हाय? तू नुसता बघतोस." तासाभरानं वडी माझ्यासमोर आपटली. मायक्रोस्कोपला लावली. शप्पथ सांगतो, लॅबमध्ये लागल्यापासून तशी वडी पाहिली नव्हती. मी तोंडानं "ठीक आहे" एवढंच म्हटलं.

शेठनं तिला घासायच्या कामावर घेतलं. पुढं दाबायच्या यंत्रावर, मग मोजायलाही. आकडे तिला वाचता यायचे, सही साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, एवढंच. रजिस्टर मी लिहायचो. ती भिंगाला डोळा लावून आकडा सांगायची, मी लिहायचो, आणि शेवटच्या रकान्यात 'मोजणार' म्हणून तिची सही. आता यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. वडी घासायला चाकावर डायमंड पेस्ट लागते, तिनं हात काळेकुट्ट होतात, नखांत ते काळं आठवडाभर बसतं. तशा हातानं सही केली की पान बरबटतं आणि मी ओरडायचो. म्हणून ती सकाळी आल्या आल्या, हात स्वच्छ असताना, दिवसभराच्या कोऱ्या ओळींवर आधीच सह्या करून टाकायची. मीच लावलेली सवय ती.

आमचं खरं वाजलं नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात. माझी पद्धत अशी होती की सकाळी सगळ्या वड्यांवर खुणा दाबून ठेवायच्या आणि जेवण झाल्यावर निवांत मोजायच्या. जिवली म्हणायला लागली, "भेगा वाढतात. सकाळी येवढी, दुपारी तेवढी." मी म्हटलं, दगडासारखा माल तो, आपोआप कसा वाढेल? वेडी का खुळी? दुसऱ्या दिवशी तिनं एक उद्योग केला. भेग जिथं संपते त्या टोकाशेजारी, त्याच हिऱ्यानं, सगळ्यात हलकं वजन लावून एक बारीक टिकली उठवली. इतकी बारीक, की माहीत असल्याशिवाय दिसू नये. दुपारी मला बोलावलं. भेग टिकलीच्या पुढं गेली होती.

नेमके तेव्हाच शेठ खोलीत आले. तिनं त्यांनाही भिंगाला डोळा लावायला लावला. शेठनं विचारलं, हे कुठून सुचलं?

"त्याला सुचायचं काय?" ती म्हणाली. "आमची वाडी डोंगराच्या पोटाला हाय. पावसात वर जमीन फाटली, का भेगेच्या टोकाला खुंटी मारायची. भेग खुंटीच्या पुढं गेली, का पोरंबाळं घेऊन खाली उतरायचं. नाय गेली, तं झोपायचं. माझा बाप मारायचा, आता मी मारते. ह्याला पन तेच केलं. दमट हवेत ही भेगपन चालते."

शेठ मोठ्यानं हसले. म्हणाले, "विशे, बाई तुमच्यावर भारी पडली की हो!" गनवाल्या पोरांसमोर म्हणाले. त्या दिवसापासून लॅबमध्ये नियम झाला, दाबलं की लगेच मोजायचं आणि टोकाला जिवलीची टिकली ठेवायची. पोरं मला चहाच्या टपरीवर विचारायची, "काय साहेब, आज खुंटी मारली का?" मी हसल्यासारखं करायचो. आतून नुसता जळायचो. चूक माझी होती हे मला कळत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

दोन हजार एकच्या श्रावणात गुजरातेकडच्या एका वीजघराची मोठी खेप आली. शेठनं मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, ही वेळेत गेली तर तुम्हाला क्वालिटीचं इन्चार्ज करतो. वीजघराला सांगून झालंय म्हणे, पंधरा तारखेला ट्रक निघेल. चौदाला वडी तयार झाली. जिवलीनं खूण दाबली, डोळा लावला, फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "चौऱ्याहत्तर."

"परत बघ," मी म्हटलं.

तिनं आणखी तीन ठिकाणी दाबून पाहिलं. त्र्याहत्तर, शहात्तर, चौऱ्याहत्तर. प्रत्येक टोकाला टिकली ठेवली. "ठिसूळ हाय रं. पावडर ओली झाली आसंल, नायतं गनवाल्यानं घाई केली. हा माल नको धाडू."

मी तिला बाजूला केलं आणि स्वतः बसलो. भेगेचं टोक केसाहून बारीक असतं, फोकस थोडा इकडंतिकडं झाला की ते विरून जातं. मी सत्तावन्नवर थांबलो. यापुढं मला काही दिसत नाही, असं मी तिला सांगितलं.

"डोळे फुटले का तुझे?" ती म्हणाली. "टिकली दिसतेय ना? तिथवर जा की."

"डिप्लोमा मी केलाय. तू नाय."

"मंग डिप्लोम्याला दिसत नाय आसं लिव."

मी सत्तावन्न लिहिलं. तिची सही त्या ओळीवर सकाळपासून होतीच. ट्रक पंधरा तारखेला निघाला आणि मी इन्चार्ज झालो. घरी पेढे वाटले.

जानेवारीत वीजघराचा फोन आला. थर पापुद्र्यासारखा सोलून निघाला होता, नऊ पाती जळाली होती, टर्बाइन बंद. तपासायला पुण्याहून एक साहेब येणार होते आणि त्यांना जुनी वडी बघायची होती. वड्या दोन वर्षं कपाटात ठेवायचा नियम. किल्ली माझ्याकडे.

शेठचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा तसा पाहिला. दार लावून त्यांनी विचारलं, "मोजलं कोणी?" मी रजिस्टर पुढं केलं. त्यांनी सही वाचली आणि सुटल्यासारखे मागं टेकले. म्हणाले, एका अडाणी बाईची चूक म्हटलं तर निभावेल. कंपनीची म्हटलं तर टाळं लागेल. एक कागद टाइप केला. मी माप चुकीचं घेतलं, मला मोजण्याचं शिक्षण नाही, अशा मजकुराचा. जिवलीला बोलावून तो वाचून दाखवला आणि सांगितलं, सही कर, तुला झाडूवर परत घेतो. नाही केलीस तर उद्यापासून गेट बंद.

"माझी भेग चौऱ्याहत्तर होती," ती म्हणाली. "ह्यानं सत्तावन लिवले. कपाट उघडा. माझ्या टिकल्या हायेत त्या वडीवर. साहेबाला येऊ द्या, तो मोजंल. टिकली सत्तावनला निघाली तं मी गेटातनं सोता जाते. चौऱ्याहत्तरला निघाली तं ह्यानं जायचं."

बोट माझ्याकडे. शेठनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कसल्या टिकल्या? वडी मोजून झाली की घासून ठेवतो आपण." तोंडातून निघून गेलं, आणि मग ते खरं करणं भाग होतं.

साहेब दुपारी दोनला येणार होते. साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली, सगळे बाहेर गेले. मी कपाट उघडलं, वडी काढली आणि आधी मायक्रोस्कोपला लावली. का लावली, देव जाणे. घासायची तर सरळ घासायची. पण लावली. चौकोनी खुणा, भेगा, आणि प्रत्येक भेगेच्या टोकाला एकेक टिकली, ओळीनं. टिकलीवर नजर ठेवून मागं आलो तर भेग सलग दिसत होती. पाच महिन्यांत ती टिकलीच्या केसभर पुढं सरकलेली, पण त्या दिवशी कुठवर होती ते टिकली चोख सांगत होती. चौऱ्याहत्तर. वाद घालायला जागाच नव्हती.

मग चाक सुरू केलं आणि घासलं. पंचवीस मिनिटं. दहा-बारा मायक्रॉन गेले की सगळं जातं, खूण, भेग, टिकली. वडी कोऱ्या आरशासारखी झाली. हात साबणानं धुतले, तीनदा धुतले.

साहेब आले. पिकलेले केस, कमी बोलणारा माणूस. वडी पाहून म्हणाले, हिच्यावर तर काहीच नाही. मी माझं वाक्य म्हटलं. "मग आता दाबा," ते म्हणाले. मी दाबलं. त्यांनी स्वतः मोजलं. पंचाहत्तर. रजिस्टर उघडून सत्तावन्नवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोणी मोजलं?" शेठ म्हणाले, "ही बाई." सही होती.

जिवली पुढं आली. "साहेब, टिकल्या बघ. मी टोकाला टिकल्या ठेवल्यात."

"बाई, इथं काही नाही."

तिनं त्यांना न विचारता भिंगाला डोळा लावला. बराच वेळ. मग वडी उचलली, अंगठा फिरवला आणि माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. मला वाटलं होतं शिव्या घालेल, मी तयारीत होतो. ती आली, माझा उजवा हात मनगटाला धरला आणि साहेबांसमोर उचलला.

"ही आज घासलीय. ह्याची नखं बघ."

पाच नखांत काळं भरलेलं. साबणानं जात नाही ते, मीच तर तिला वर्षानुवर्षं ओरडत होतो. मी हात हिसडला आणि खिशात घातला. साहेबांनी पाहिलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. अहवालात मोजणाऱ्याची चूक असं लिहितो. पुढं शिकलेला माणूस ठेवा."

त्याच संध्याकाळी तिला गेटबाहेर काढलं. कागदावर तिनं सही केली नाहीच. जाताना लॅबच्या दारात थांबली. मला वाटलं, थुंकते आता. ती म्हणाली, "तुझ्या घराला भेग पडंल ना भगीरथ, तवा खुंटी मारायला मला बोलवू नको." आणि डोंगराकडं निघून गेली. बाजारात बातमी तिच्याआधी पोचली होती. ठाकरणीनं चुकीचं मोजलं आणि वीजघर बंद पाडलं. दुसऱ्या तीन कंपन्यांत ती काम मागायला गेली, तिन्हींनी झाडूलाही उभं केलं नाही. ती बातमी मीही दोन-तीन ठिकाणी सांगितली. कुणी विचारलं म्हणून नाही, आपणहून सांगितली.

दोन हजार पाचच्या जुलैत तो भयंकर पाऊस पडला. आठवड्यानं मुरबाडच्या बाजारात ऐकलं, सिद्धगडाखालच्या एका वाडीवर दरड आली. चार घरं गाडली गेली, माणूस मात्र एकही नाही. आदल्या दिवशी एका बाईनं सगळ्यांना हाकलून खाली शाळेत नेलं होतं. कोणी म्हणे, तिला देवीनं सांगितलं. मी तिथंच, भाजीच्या पाटीपुढं उभा राहिलो. मला माहीत होतं कोणी सांगितलं. खुंटीनं.

दसरा झाल्यावर मी एक कागद लिहिला. टाइप नाही, हातानं. तो घेऊन वाडीवर गेलो. दीड तास चढ, माझा दम निघाला. ती शाळेच्या पडवीत नवऱ्याबरोबर, नवसूबरोबर, वरई पाखडत बसली होती. मला पाहून सूप थांबलं नाही.

"काय रे, कुठं फाटलं?"

"कागद आणलाय."

"वाच."

मी वाचलं. सन दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये त्या वडीवरची भेग जिवली पादीर यांनी चौऱ्याहत्तर मायक्रॉन मोजली होती, ते माप बरोबर होतं. रजिस्टरमध्ये चुकून सत्तावन्न लिहिलं गेलं. खाली माझी सही, तारीख.

"मोठ्यानं वाच. नवसूला आयकू दे. त्यालाबी लोक बोललेत."

परत वाचलं. शेजारच्या चार बाया उठून आल्या, त्यांनीही ऐकलं. मला वाटलं, झालं. आता ती कागद घेईल, पाणी विचारेल, मी उतरून घरी जाईन. तिनं सूप खाली ठेवलं.

"चुकून?"

मी कागद तिच्यापुढं धरला.

"आन टिकल्या कोनी घासल्या? ते कुठं हाय यात?"

"जिवली, आता त्याला चार वर्षं झाली..."

"कागद अर्धा हाय," ती म्हणाली आणि तो हातानं माझ्याकडे परत सारला. "पुरा करून आन. मंग घेते."

मी खाली उतरलो. येताना रागानं तिला मोठमोठ्यानं शिव्या घातल्या, डोंगरात ऐकायला कोण होतं? एवढं चढून जायचं, वाकायचं, आणि वर हिचा तोरा! कागद कपाटात टाकला, वड्यांच्या कपाटातच. आज त्यालाही चार वर्षं झाली. कंपनी आता बंद पडलीय, यंत्र भंगारात गेलं, वड्याही गेल्या. कपाट रिकामं करताना तो कागद हाती आला. खाली अर्धं पान कोरं होतं. म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

ती मला अजूनही आवडत नाही. उद्या वाडीवर जाईन तेव्हाही ती अरेच म्हणेल आणि मला ते टोचेलच. पण कागद पुरा करतो.

चौऱ्याहत्तर जिवली पादीरनं मोजली. सत्तावन्न मी लिहिलं, चुकून नाही. टिकल्या मी घासल्या, जेवणाच्या सुट्टीत, पंचवीस मिनिटं. काळी नखं माझी होती. आणि सत्तावन्न लिहिलं त्या दिवशी, सगळ्यात पहिल्यांदा मी भिंगाला डोळा लावला तेव्हा, भेगेचं टोक मला दिसलं होतं.